पवन्याची सोबतीण

करमाडच्या औषधाच्या दुकानात मी बुरशीनाशक मागितलं, तेव्हा दुकानदारानं आधी पीक विचारलं.

"गवत," मी म्हणाले.

"गवत मारायचंय व्हय? मग ताई, हे नाय चालायचं. तणनाशक घ्या."

"मारायचं नाही. गवताच्या मुळात बुरशी असते, ती काढायचीय."

"असं सांगा की मग. रोग पडलाय."

"रोग नाही. चांगली बुरशी आहे ती. गवताला मदत करते."

त्यानं हातातली पुडी पुन्हा काउंटरवर ठेवली. "मदत करती, तर काढता कामून?"

दुकानाच्या सावलीला दोन म्हातारे टेकले होते. ते आता माझ्याकडं वळून बसले. मी घाम पुसत म्हणाले, "काढल्यावर गवताचं काय होतं, ते बघायचंय."

"बघायचंय," एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला. "इथं माळावर काडी नाय राहिली, आन् ही बघती." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, दुकानदाराला म्हणाला, "दे बाबा तिला. शिकायला गेलेली दिसती. बघू दे."

पुडी घेऊन मी बाहेर पडले आणि जालना रोडवर रिक्षाची वाट बघत एकटीच हसत उभी राहिले. त्या दुकानदाराचा प्रश्न अगदी बरोबर होता. माझा सगळा प्रबंध त्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच होता.

आमचं घर मेंढरांचं. करमाडच्या अलीकडं आमची वस्ती. वडिलांच्या लहानपणी वाडगं भरून मेंढरं होती म्हणतात, मी एम.एस्सी.ला गेले तोवर अकरा राहिली होती. चराईच्या माळावर आधी सिमेंटचे खांब आले, मग तारा, मग प्लॉटच्या पाट्या. शहर जालना रोडनं आमच्याकडं चालत येत होतं. वरून सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. वडील शेंद्र्याच्या एका कंपनीत गेटवर रखवालीला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी मेंढरं घेऊन हिंडायचे. "एक दिवस तरी मी मोकळा फिरतो," असं हसून सांगायचे.

मी शहरात, पुंडलिकनगरात आत्याकडं राहत होते, वडिलांच्या सख्ख्या बहिणीकडं. तिच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. तिचे यजमान ट्रकवर असायचे, महिन्यातून चार-पाच दिवस घरी. बाकी दिवस आम्ही दोघीच. आत्या सकाळी चार घरी पोळ्या लाटायला जायची. शाळा तिनं पाहिलीच नव्हती. लग्नाआधी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं तिनं मेंढरांमागं पाय झिजवले होते.

लष्करी छावणीजवळच्या आमच्या कॉलेजात मात्र मी मेंढरांचं कुणाला सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "घरी शेती आहे." वर्गात डॉक्टरांच्या, प्राध्यापकांच्या मुली होत्या. त्यांना मेंढराचा वास कसा असतो हे सांगायची मला मुळीच घाई नव्हती.

ते फुटलं एका डोंगरावर. वनस्पतीशास्त्राच्या सहलीला आमच्या मॅडमनी वाळलेल्या गवताचा एक ठोंब उपटून वर धरला. मॅडम निवृत्तीला आलेल्या, पण चालायला लागल्या की आम्ही धावायचो. पदराला किल्ल्या आणि पर्समध्ये कायम फुटाणे. "ओळखा," त्या म्हणाल्या. ठोंबाला फूल नाही, तुरा नाही. फुलाशिवाय गवत ओळखू नये असं पुस्तकात लिहिलेलं.

"पवना," माझ्या तोंडून निघालं.

"कशावरून?"

"मेंढरं कुसळी सोडून आधी हेच खातात." म्हटलं आणि जीभ चावली.

मॅडमनी माझ्याकडं नीट पाहिलं. फुटाण्याची पुडी पुढं करत विचारलं, "अजून कुठली ओळखतेस?" उतरेपर्यंत त्यांनी मला सतरा ठिकाणी थांबवलं. डॉक्टरांची मुलगी माझ्या मागं वही घेऊन नावं लिहीत होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं आणि प्रबंधाचा विषय हातात दिला.

विषय असा. पवन्यासारख्या चाऱ्याच्या गवताच्या मुळांत एक बुरशी राहते. तिचे धागे केसापेक्षा बारीक. मूळ जिथं पोचत नाही तिथं ते मातीच्या फटींतून जातात, ओल आणि खत शोधून गवताला देतात. त्या बदल्यात गवत तिला साखर देतं. मला चाळीस पिशव्यांत एकाच माळाची माती भरून पवना लावायचा होता. वीस पिशव्यांच्या मातीत दर पंधरा दिवसांनी बुरशीनाशक ओतायचं आणि उरलेल्या वीसांत तितकंच साधं पाणी. बाकी ऊन, माती, पाणी सगळं सारखं. मग पाणी तोडत न्यायचं आणि बुरशीवाचून गवत दुष्काळ कसा सोसतं ते मोजायचं.

हे मी आत्याला भाकरी थापताना समजावलं. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हंजे एकीची सोबतीण तोडायची, तिला उपाशी ठिवायचं, आन् मग बघायचं रडती का?"

"तसंच काहीसं."

"आन् असल्या कामाची डिग्री देतेत?"

"देतात."

"कठीण हाये माय," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. पण जेवताना तिनंच पुन्हा विषय काढला. ती बुरशी दिसते कशी, रंग कोणता, मुळात शिरते तर मुळाला दुखत नाही का? मला निम्म्याची उत्तरं येत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिचे प्रश्न मॅडमना विचारले. पुढं तो रिवाजच पडला.

गवत वीतभर झालं आणि कॉलेजची बोअर आटली. रोपवाटिकेला कुलूप लागलं. मॅडमनी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला, पण त्या दुष्काळात गवताला कोण जागा देणार? मी घरी येऊन तोंड पाडून बसले. आत्यानं विचारलं, मी सांगितलं. ती उठून सरळ खाली घरमालकिणीकडं गेली आणि पाच मिनिटांत परत आली.

"गच्ची दिली. टाकीपासून दूर ठिवा म्हणाली, आन् औषध सांडायचं नाय."

"काय सांगितलंस तिला?"

"म्हणलं, पोरीची परीक्षा गवतावर हाये."

लोडिंग रिक्षात चाळीस पिशव्या उभ्या करून मी छावणीतून निघाले. पिशव्या कलंडू नयेत म्हणून मागं त्यांच्यामध्येच बसले होते. सिग्नलला एका दुचाकीवाल्यानं विचारलं, "दीदी, कौनसा पौधा है? हमको भी देव एक." मी म्हटलं, "घास है भैया." तो सिग्नल सुटेपर्यंत हसत राहिला.

तीन जिन्यांवर चाळीस पिशव्या चढवल्या. बिल्डिंगमधल्या बायका हातोहात मदतीला आल्या. त्यांना वाटलं होतं मोगरा-बिगरा असेल. गवत बघून एकजण म्हणाली, "माणसाला पाणी नाही, आणि ही गवताला घालणार?" तिचंही खोटं नव्हतं. नळ पाच-सहा दिवसांनी यायचा. टँकर आला की हंडे, कॅन, ड्रम घेऊन सगळी गल्ली खाली उतरायची. मी गोरीमोरी झाले. आत्यानं घरातला चहाचा पेला आणून त्या बाईसमोर धरला. "एका पिशवीला एवढं. तेबी दोन दिसाआड. आमच्या दोघींच्या वाट्यातलं. तुमच्या हंड्याला हात लागला तर सांगा." आठवड्याभरात तीच बाई संध्याकाळी वर येऊन पिशव्या मोजू लागली आणि "आज हिचं पान वळलंय गं" असं मला सांगू लागली.

त्या संध्याकाळी फार सुखाच्या होत्या. गच्चीवरून बीड बायपासच्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे दिसायचे. मी पट्टीनं पानं मोजायचे, आत्या वहीतल्या रकान्यात माझ्यासाठी काड्या ओढायची. तिला आकडे लिहिता येत नव्हते, पण पाच काड्यांचा जुडगा ती बरोबर करायची. औषध द्यायच्या दिवशी मात्र मी तिला वर येऊ द्यायचे नाही. हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून बसले की ती जिन्यातून ओरडायची, "झालं का इख पाजून?"

मार्चमध्ये चुलतभावाचं लग्न निघालं. पंधरा दिवस मी वस्तीवर राहिले. पाणी घालायचं आत्यावर सोपवलं आणि तिनं एक पेलाही चुकवला नाही. परत आले, हातातली बॅग खाली टाकली आणि धावत गच्चीवर गेले.

गच्चीभर कुरडया वाळत होत्या. पांढऱ्या चादरींवर सगळ्या बिल्डिंगच्या कुरडया, पापड्या, सांडगे. माझ्या चाळीस पिशव्या भिंतीला एका ओळीत, अंगाला अंग लावून उभ्या केलेल्या. म्हणजे कुठली पिशवी कुठं, हा माझ्या वहीतला नकाशा गेला. पिशव्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर तरी नंबर असतील म्हणून वाकून पाहिलं. मार्करची शाई उन्हानं उडून गेली होती. चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या!

मी तिथंच खाली बसले आणि रडायला लागले. आत्या वर आली. काय झालं ते समजल्यावर तिचा चेहरा एवढासा झाला. "मीच सांगितलं बायांना, उचला म्हणून. कुरडयांना ऊन चांगलं लागंल म्हणून..." मग ती माझ्याजवळ बसली. बराच वेळ ती त्या ओळीकडं बघत होती.

"पण मला ठावं हाये कुठल्या कुठल्या ते," ती म्हणाली.

"आत्या, काहीतरी बोलू नको."

"ठावं हाये म्हणते ना. सकाळी बघते मी त्यांच्याकडं."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहिले. ओरडा बसणार हे धरूनच गेले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "कुरडया गव्हाच्या की तांदळाच्या?"

"गव्हाच्या."

"हं. मग माफ." आणि त्या मोठ्यानं हसल्या. "अगं, चिठ्ठी गेली म्हणून बुरशी गेली का? प्रत्येक पिशवीतलं थोडं मूळ काढायचं, रंगवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. बुरशी आपणच सांगेल कुठं आहे आणि कुठं नाही."

हे मला सुचायला हवं होतं. सुटल्यासारखं वाटलं आणि त्या भरात मी आत्या काय म्हणाली तेही सांगून टाकलं. मॅडम हसायच्या थांबल्या. "मग आधी त्यांना निवडू दे. आपण मुळं नंतर बघू. आणि तू मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

आत्यानं तीन दिवस मागून घेतले. दुपारी उन्हात ती पदर डोक्यावर घेऊन ओळीतून फिरायची. दुपारी सगळ्याच पिशव्यांची पानं सुरळी झालेली असायची. "आत्ता काय कळत नाय," ती म्हणायची. तिची खरी वेळ उजाडतानाची. तांबडं फुटलं की ती वर जायची आणि बघायची, कुणाची पानं रात्रीत पुन्हा उलगडलीत आणि कुणाची तशीच वळलेली राहिलीत. बोटांच्या चिमटीत पान धरून ओढायची. बुडाशी हात लावायची. तिसऱ्या दिवशी तिनं जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि जिची सोबतीण गेली असं तिला वाटलं, त्या त्या ठोंबाला एकेक बांधली. मी मोजल्या.

"आत्या, सतराच झाल्या. औषध वीसांना दिलंय. अजून तीन बांध."

"सतराच हायेत."

"वीस आहेत गं. मी स्वतः दिलंय."

"तू दिलं असशील. पर मी तीन कुठून आणू? नाय म्हंजे नाय."

यावर आमचं खरंखुरं भांडण झालं. मॅडमनी एक शब्दही बोलू नको म्हटलेलं मी साफ विसरले. आत्यानं चिंधी बांधली नाही ती नाहीच.

मुळं रंगवायला दोन दिवस गेले. तुकडे क्षारात तापवायचे, मूळ काचेसारखं आरपार झालं की निळ्या रंगात बुडवायचं. मूळ रंग सोडतं, बुरशी धरून ठेवते. बघायच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आत्याबाईंना घेऊन ये."

आत्यानं लग्नाकार्याचं इरकल नेसलं, कपाळाला कुंकू ठळक लावलं आणि शेजारणीला "कॉलेजात जाऊन येते" असं दोनदा सांगितलं. प्रयोगशाळेच्या दाराशी तिनं चपला काढल्या. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या हो." ती म्हणाली, "नाय मॅडम. विद्येचं ठिकाण हाये."

सूक्ष्मदर्शकावर तिला आधी आपली पापणीच दिसत होती. मॅडमनी स्टूल उंच केलं, एक डोळा मिटायला सांगितलं. आत्याला एक डोळा मिटता येईना, दोन्ही मिटायचे. शेवटी मी माझ्या हातानं तिचा डावा डोळा झाकला.

"अगं बाई. झाडं हायेत की आत!"

मुळाच्या एकेका पेशीत निळं, फांद्या फुटलेलं, इवलंसं झाड. मी ते कितीदा पाहिलं होतं, चित्रं काढली होती, गुण मिळवले होते. तिचं ते "अगं बाई" ऐकून मला पहिल्यांदा ते खरोखर दिसलं असं वाटलं.

"हीच व्हय ती सोबतीण?"

"हीच."

"लई देखणी हाये," आत्या म्हणाली आणि स्टुलावरून उठायलाच तयार होईना. वर्गातल्या मुली भोवती जमल्या. ती जणू आपलंच दाखवावं तसं त्यांना दाखवत होती. कुणीतरी विचारलं, "तुम्हाला गवताचं एवढं कसं माहीत?" मी नेहमीचं "घरी शेती आहे" म्हणायला तोंड उघडलं. आत्या सहज म्हणाली, "आमी मेंढरंवाले. ही पोरगी बी चालायला शिकली ती मेंढराची शेपूट धरून." मुली खदखदून हसल्या. मीही हसले. डॉक्टरांच्या मुलीनं विचारलं, "खरंच? मला एकदा दाखवशील?" इतकी वर्षं जे लपवलं त्याचं एवढंच झालं.

दुपारपर्यंत मॅडम आणि मी चाळीसही पिशव्यांची मुळं पाहिली. मुळात बुरशीचा मागमूस नाही अशा अठरा निघाल्या. दोन पिशव्यांत औषध पडूनही बुरशी पुन्हा उगवली होती, बारीक, विरळ, पण होती. आत्याच्या सतरापैकी सोळा बरोबर होत्या. एक चिंधी चुकीच्या ठोंबाला होती आणि दोन ठोंब तिच्या नजरेतून सुटले होते. पण वीस नाहीत हे तिचं म्हणणं खरं होतं, आणि वीसच म्हणून भांडणारी मी खोटी पडले होते.

"ती एक कशी चुकली?" आत्याला तेच लागलं.

"कोपऱ्यातली ती," मी म्हणाले. "तिथं भिंत तापते. ती सोबत असूनही सुकली."

"मग ती चूक भिंतीची," आत्या म्हणाली. मॅडमनी मान डोलावली आणि तिच्या ओंजळीत फुटाणे ओतले.

प्रबंधात मी सगळं लिहिलं. पाणी पुरेसं होतं तोवर दोन्हीकडचं गवत जवळजवळ सारखं होतं. पाणी तुटल्यावर बुरशीवाचूनचं गवत आधी वळलं, उशिरा सावरलं आणि कापून वाळवून तोललं तेव्हा हलकं भरलं. कुरडयांचंही लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी ते पान उघडून चष्म्यावरून पाहिलं. "हे लिहायची गरज होती का?" मी म्हणाले, "सर, झालं तसं लिहिलं." ते म्हणाले, "असंच लिहीत जा."

औषधाच्या पिशव्या मॅडमनी कॉलेजात परत नेऊन माती वेगळी पुरून टाकली. बुरशीच्या वीस ठोंबांना कापल्यावरही बुडातून कोंब फुटले होते, ते आत्यानं मागून घेतले. वडिलांनी ओळखीचा टेम्पो आणला. आमच्या वस्तीमागं अजून कुणी तार न ओढलेला एक उतार होता. तिथं पहिल्या चांगल्या पावसानंतर आम्ही तिघांनी ते लावले. मॅडमही आल्या, डॉक्टरांची मुलगीही आली. आईनं शेंगदाण्याची चटणी, भाकरी, कांदा आणि मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा केला. वडील आपल्या मेंढरांची एकेकीची ओळख करून देत होते, कोण हट्टी, कोण आळशी, आणि मॅडम गंभीरपणे प्रत्येकीला नमस्कार करत होत्या.

जेवत होतो तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. दोन मेंढ्या उतारावर पोचल्या होत्या. मी ताट टाकून उठले. आत्यानं माझं मनगट धरून खाली बसवलं.

"बुड राहतंय त्याचं. पवना हाये तो, मेंढरानं खाल्ला तर आणखी फुटतो. जेव तू."

"अगं, पण आत्ताच लावलाय!"

"मग त्यांनीबी आत्ताच बघितलाय," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी मोडून ठेवली.